गावातली कुत्री, गोठ्यातली गुरे आणि रेबीज

रेबीज हा पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून पसरणारा विषाणूचा आजार आहे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लागलेली लाळ यांतून विषाणू शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. मेंदूत पोचल्यावर पाण्याची भीती, घशाचे आचके, भ्रम, काही रुग्णांत फक्त हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे दिसतात. एकदा ही लक्षणे सुरू झाली की रुग्ण वाचत नाही; जगात वाचल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मात्र विषाणू मेंदूत पोचण्याआधी जखम धुऊन, लस आणि गरज असेल तिथे सीरम पूर्ण घेतले तर हा आजार जवळपास नेहमी टळतो. चावल्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर हा काळ बराच कमी असू शकतो.

भारतात २०२२-२३ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीवरून दरवर्षी रेबीजने सुमारे ५,७०० मृत्यू होत असावेत असा अंदाज निघाला. दर चार चाव्यांपैकी तीन कुत्र्यांचे होते. उरलेले मांजर, माकड आणि इतर प्राण्यांचे.

शहरात कुत्रा चावला तर प्रश्न एका माणसाचा असतो. नालवाडीसारख्या, वर्धा शहराला खेटून असलेल्या पण गुरेढोरे सांभाळणाऱ्या गावात तसे होत नाही. एकच पिसाळलेला कुत्रा सकाळी मुलाला चावतो, दुपारी कुणाच्या वासराला, संध्याकाळी बकरीला. त्या घरचे दूध चार घरी जाते. कुत्रा कुणाचा यावरून दोन घरांत बोलणे बंद होते, आणि नेमकी हवी असलेली माहिती त्या अबोल्यात अडकते. म्हणून या लेखात औषधांइतकीच जागा शेजाऱ्यांना दिली आहे.

चावल्यावर पहिली १५ मिनिटे

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण अंदाजाने धुतलेली जखम दोन मिनिटांतच आटोपते असा आमचा रोजचा अनुभव आहे. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहा. कपडे धुण्याचा साबण चालतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते आणि साबण ते मोडतो. त्यामुळे हे धुणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा.

हळद, तिखट, चुना, तेल, चहापत्ती, कातडी जाळणारे कुठलेही औषध जखमेत भरू नका. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते आणि खोल जाते. घट्ट पट्टी बांधू नका. डॉक्टरांनाही शक्यतो टाके टाळावे लागतात. घालायचेच झाले तर आधी सीरम द्यावे लागते.

एक गैरसमज फार महागात पडतो. धनुर्वाताचे इंजेक्शन, म्हणजे लोक ज्याला ‘टीटी’ म्हणतात, ते घेतले की काम झाले असे अनेकांना वाटते. ते जखमेसाठी लागते, पण रेबीजशी त्याचा काही संबंध नाही.

लस कुणाला, सीरम कुणाला

जनावराला नुसता हात लावला, खाऊ घातले किंवा धड कातडीवर त्याने चाटले, तर काही घ्यावे लागत नाही. उघड्या कातडीवर दात घासला गेला किंवा रक्त न येणारा ओरखडा उठला, तर लस लागते. कातडी फाटून रक्त आले, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली, तर लस आणि सीरम दोन्ही लागतात. रानातल्या कोल्हा-मुंगसासारख्या प्राण्याचा चावा नेहमी या शेवटच्या गटात धरतात. घरातला उंदीर किंवा घूस चावली तर आपल्याकडे सहसा रेबीजची लस द्यावी लागत नाही.

सरकारी रुग्णालयांत लस बहुधा कातडीच्या आत देतात: दोन्ही दंडांवर थोडी थोडी, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिल्या इंजेक्शनचा दिवस ‘शून्य’ धरतात, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी पाच डोस असतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आजही जुनी माणसे घालतात. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली.

सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडे, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. लसीने शरीरात स्वतःचे संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतच विषाणूला अडवायचे काम सीरम करते. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. दुखते, विशेषतः बोटांवर, पण तिथेच टोचायला हवे. सीरम पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नेहमी असेल असे नाही. तिथे लसीचा पहिला डोस घ्या आणि सीरमसाठी वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात जा. ‘आधी सीरम मिळू दे, मग लस घेऊ’ असे करू नका.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, तान्ही बाळे, म्हातारी माणसे, सर्वांना लस देता येते. कसलेही पथ्य नाही. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू न करता राहिलेला डोस लगेच घ्यायचा. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल आणि त्याचा कागद असेल, तर पुन्हा चावल्यावर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. म्हणून तो कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवा.

दहा दिवस, आणि शेजारी

पिसाळणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडेच दिवस आधी येतो, आणि लक्षणे सुरू झाली की तो काही दिवसांतच मरतो. याचा उलटा अर्थ उपयोगी आहे. चावल्यानंतर कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. मग डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात आणि घरातल्यांची झोप परत येते. उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायचे. कुत्र्याकडे बघत बसून लस लांबवायची नाही. कुत्र्याला लस दिली होती असे मालक म्हणाला, तरी हेच.

आता हे दहा दिवस कोण बघणार? कुत्रा शेजाऱ्याचा असतो. चावल्यावर साधारण दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर चावलेल्या मुलाचे घरचे काठ्या घेऊन जातात आणि कुत्रा मारला जातो. तो मेला की कळण्याचा मार्गही बंद होतो, आणि त्याने आणखी कुणाला चावले असेल ते कुणी सांगत नाही. नाहीतर मालक घाबरतो. भरपाई मागतील, पोलिसांत जातील, म्हणून ‘आमचा नाहीच तो, रस्त्यावरचा आहे’ म्हणतो आणि रात्री दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येतो. तिथे तो कुणाला तरी चावेल, आणि तिथल्या माणसाला कुत्रा कुठून आला हे कधीच समजणार नाही.

म्हणून पहिल्या दिवशीचे बोलणे औषधाइतके मोलाचे आहे. ज्याच्या मुलाला चावले त्याने जाऊन इतकेच म्हणावे: ‘काकाजी, भांडायला आलो नाही. पोराला लस सुरू केली आहे. कुत्रा मारू नका, सोडूनही देऊ नका. दहा दिवस साखळीने बांधून ठेवा, वेगळ्या भांड्यात खायला द्या, आणि वागणं बदललं किंवा मेला तर त्याच दिवशी सांगा.’ मालकानेही तितकेच सरळ सांगावे: लस कधी दिली होती, गेल्या काही दिवसांत बाहेरच्या कुत्र्याने त्याला चावले होते का, आणखी कुणाला चावला का. लसीचा सगळा खर्च सरकारी रुग्णालयात होत नसल्याने पैशाचा वाद बराच कमी होतो. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मालकाने आपणहून दिली तर उरलेलाही मिटतो. दोन घरांचे पटतच नसेल तर सरपंच, आशाताई किंवा पोलीस पाटील यांच्यापैकी कुणी मधे पडून रोज एकदा कुत्रा बघून यावा.

या दहा दिवसांत कुत्रा खायचा थांबला, आवाज बदलला, खालचा जबडा लोंबू लागला, विनाकारण लाकूड-दगड चावू लागला, अंधारात लपून बसला किंवा मागच्या पायांनी लडखडू लागला, तर त्याच्या जवळ जाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. रेबीज झालेला कुत्रा नेहमी सैरावैरा धावतो असे नाही. कित्येक कुत्री गप्प होतात आणि ‘आजारी आहे बिचारा’ म्हणून कुणीतरी तोंडात औषध घालायला जाते.

दहा दिवसांचा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू आहे. गाय, म्हैस, बकरी, माकड, कोल्हा यांना नाही. ‘गाईकडे दहा दिवस पाहू’ असे कुणी म्हणाले तर ऐकू नका.

गोठ्यात काय होते

कुत्रा गुराला चावला की बहुतेक वेळा कुणी पाहिलेले नसते. रात्री कोठ्यात गडबड झाली, सकाळी नाकावर किंवा पायावर जखम दिसली, एवढेच. अशा जखमेला माणसाप्रमाणेच साबणपाण्याने १५ मिनिटे धुवा. हातात रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घाला. नंतर पशुवैद्यकाकडून लस सुरू करा. गुरांनाही चावल्यानंतरची लस असते, साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. कळपातल्या कुठल्या-कुठल्या जनावरांना चावले ते नक्की नसेल तर पशुवैद्यक सगळ्यांना द्यायला सांगू शकतात.

चावलेले जनावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आजारी पडते. तोवर चावल्याचे विसरलेले असते. गाय चारा सोडते, दूध एकदम आटते, लाळ गळते, सारखी हंबरते आणि आवाज घोगरा होतो, शेण टाकायला कुंथते, मागचे पाय लटपटतात. काही जनावरे अंगावर येतात. लाळ गळताना पाहून लाळ्या-खुरकूत वाटते. गिळता येत नाही म्हणून ‘घशात काहीतरी अडकले’ असे वाटते.

धोक्याची जागा हीच. जाणता कास्तकार अशा वेळी बाही वर करून गाईच्या घशात कोपरापर्यंत हात घालतो. शेतात काम करणाऱ्याच्या हाताला बारीक चिरा, काटे लागल्याच्या खुणा असतातच. दाताने नव्या होतात. रेबीजच्या लाळेत बुडालेला असा हात म्हणजे लस आणि सीरम दोन्ही लागणारा संपर्क. गाय चावलेली नसते, त्यामुळे घरच्यांना ‘चावा’ झालाच असे वाटत नाही, आणि डॉक्टर ‘काही चावले का’ असे विचारतात तेव्हा उत्तर ‘नाही’ असे मिळते. माझे स्पष्ट मत आहे: लाळ गळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या कुठल्याही जनावराच्या तोंडात मोजे न घालता हात घालू नये, पशुवैद्यक येईपर्यंत थांबावे. हात घालून झाला असेल तर तो १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि ‘गाईच्या तोंडात हात घातला होता, गाय आता मेली’ हे शब्दशः सांगा. शेजारच्या ज्या माणसाला मदतीला बोलावले होते त्यालाही घेऊन जा. त्याचे नाव नेमके राहून जाते.

दूध प्यायले त्यांचे काय

गाय रेबीजने मेली असे कळले की दूध घेणारी सगळी घरे हादरतात. कधी एखाद्या कार्यात त्या दुधाचे ताक, दही वाढलेले असते आणि पूर्ण वस्ती लसीसाठी रांगेत उभी राहते. दुधातून माणसाला रेबीज झाल्याची खात्रीशीर नोंद नाही. उकळलेल्या दुधात, चहात, खिरीत विषाणू टिकत नाही, आणि असे दूध प्यायलेल्यांना लसीची गरज नसते. कच्चे दूध कुणी प्यायले असेल, विशेषतः तोंडात फोड किंवा जखम असेल, तर घाबरून न जाता डॉक्टरांशी बोलावे. ते प्रत्येकाचे वेगळे बघून ठरवतील. आजारी जनावराचे दूध मात्र त्या दिवसापासून बंद करा, आणि एरवीही कच्चे दूध पिऊ नका. त्यातून ब्रुसेलोसिससारखे दुसरे आजार खरोखर होतात.

दूध देणाऱ्या घराने ही बातमी दडवू नये. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. पण गाय मेल्यावर दोन आठवड्यांनी बाजूच्या गल्लीतून कळण्यापेक्षा त्याच दिवशी घरोघरी जाऊन ‘दूध उकळून घेतले होते का’ एवढे विचारलेले लोक लक्षात ठेवतात. काळजी दूध पिणाऱ्यांपेक्षा दूध काढणाऱ्याची, लाळ पुसणाऱ्याची आणि आजारी गाईला चारा भरवणाऱ्याची जास्त करायची असते. मेलेल्या गाईचे वासरू आईने सतत चाटलेले असते, म्हणून त्याच्याबद्दल पशुवैद्यकाला विचारा आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

मेलेले जनावर आणि कुत्र्यांचे टोळके

नालवाडीला मेलेल्या जनावराच्या प्रश्नाचा एक जुना इतिहास आहे. १९३० च्या दशकात विनोबा इथे राहत होते आणि त्यांच्या सोबतच्या गोपाळराव वाळुंजकर यांनी मेलेल्या गुरांचे कातडे कमावण्याचे चर्मालय इथेच चालवले. जवळच्या गोपुरीत जमनालाल बजाज १९४१ पासून गोसेवेच्या कामाला लागले. मेलेल्या जनावराची शिस्तीने विल्हेवाट लावणे हे कमीपणाचे काम नाही, हे त्या काळी या गावाने करून दाखवले.

तेव्हा उरलेले काम गिधाडे करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे १९९० च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने मेली. त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर भारतात २००६ मध्ये थांबवण्यात आला, तोवर आकाश रिकामे झाले होते. शिवारात टाकलेले मढे आता कुत्री खातात. तिथे त्यांची टोळकी होतात, भांडतात, एकमेकांना चावतात, आणि बकरीच्या पिलांवर धावून जायची सवयही तिथेच लागते. म्हणून जनावर उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. रेबीजचा संशय असेल तर कातडे काढू नका, मांस कापू नका. मेंदू तपासायचा का हे पशुवैद्यकीय अधिकारी ठरवतील.

गाय-म्हैस व्याल्यावर पडणारी वार उकिरड्यावर फेकली तर त्याच वासाने कुत्री कोठ्यापर्यंत येतात. गर्भ अवेळी पडला असेल तर त्यातून ब्रुसेलोसिसही पसरतो. मोजे घालून तीही पुरा. बकरा कापल्यावर फुप्फुस-यकृतातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या यकृतात तशाच गाठी करतात.

गावाने काय करावे

भटकी कुत्री मारून गाव मोकळे होत नाही. जागा रिकामी झाली की बाजूची, लस न दिलेली कुत्री येतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडायचे आहे, आणि पिसाळल्याचा संशय असलेला कुत्रा वेगळा ठेवायचा आहे. एखाद्या भागातल्या १० पैकी ७ कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन शिबिर घ्यावे. पाळलेल्या पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, महिन्याने दुसरी, मग दरवर्षी एक. पाळलेला प्राणी निष्काळजीपणे सोडून कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला शिक्षा होऊ शकते, हेही मालकाला माहीत असलेले बरे.

जनावरांवर रोज उपचार करणारे, कृत्रिम रेतन करणारे, कुत्री पकडणारे यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी. ज्या घरात कुत्रा आहे तिथल्या मुलांसाठीही डॉक्टरांना विचारता येते.

उशीर झाला असेल तर

मुले ओरखडा लपवतात, कारण कुत्र्याच्या पिलाशी खेळू नको असे आईने सांगितलेले असते. आठ दिवसांनी, कधी महिन्याने पिलू मेल्यावर बोलतात. तेव्हा रागावू नका आणि ‘आता काय उपयोग’ असेही म्हणू नका. लक्षणे नसतील तर कितीही दिवस झालेले असोत, काल चावले असे समजून लस आणि गरज असेल तर सीरम सुरू करतात. जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येणे, आग होणे किंवा खाज सुटणे सुरू झाले असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत त्या पिलाशी खेळलेल्या शेजारच्या मुलांची नावे लिहून न्या.